पाण्याखालची होडी

माझ्या वडिलांनी जन्मात कागदावर एक रेघ ओढली नाही, आणि तरी मला चित्रकला त्यांनीच शिकवली. मुंबईच्या कलाशाळेत हे बोललो असतो तर हसू झालं असतं. तिथं माझं हसू व्हायला तसंही फार निमित्त लागत नसे.

आमचं घर रेवसच्या धक्क्यापासून कोसभर आत, खाडीच्या काठावर. वडील होड्या बांधत. ना नकाशा, ना आराखडा. कोळशाच्या पाण्यात बुडवलेली दोरी ओंडक्यावर ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची, की लाकडावर सरळ काळी रेघ उमटायची. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असे. रेघ वाकडी आली तर चूक नेहमी माझ्याच टोकाची. मग ते एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून बघत आणि केसाएवढा बाक कुठं आहे ते सांगत. पुढं कलाशाळेत प्लॅस्टरचा कान सात वेळा काढायला लावला, तेव्हा मला कंटाळा आला नाही तो त्या दोरीमुळे.

उरलेल्या कोळशानं मी लाकडाच्या ढलप्यांवर बगळे काढायचो. वडील रागावत नसत, पण लाकूड वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कुठं पाचर हवी असली की माझ्या बगळ्यासकट ढलपी ठोकली जाई. माझी पहिली कित्येक चित्रं अशी होड्यांच्या पोटात बसून समुद्रावर गेली. ती कुणी पाहिली नाहीत, त्यामुळं त्यांना नावंही कुणी ठेवली नाहीत.

गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मला मुंबईला पाठवा म्हणून सांगितलं, तेव्हा वडील आठ दिवस फळ्या तासत राहिले. नवव्या दिवशी म्हणाले, दोन वर्षं जा. तेवढ्यात कुणा परक्यानं आपणहून तुझं चित्र घेतलं तर पुढं शीक, नाहीतर परत यायचं आणि वाकस धरायचा. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आमचं मुख्य हत्यार. मी निघायच्या आधी त्यांनी एका नव्या वाकसाला बाभळीचा दांडा बसवला, माझ्या मुठीचं माप घेऊन, आणि तो पडवीत खुंटीला टांगून ठेवला. मला वाटलं, हा माणूस माझ्या हरण्याचीच तयारी करून बसलाय. सुट्टीला आलो की आधी तो वाकस दिसायचा, मग आई.

ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. दुसरं वर्ष सरत आलं तरी परक्यानं चित्र घेतलं नव्हतं. श्रावणात एका मासिकाच्या संपादकांनी दिवाळी अंकातली एक कथा आमच्या वर्गाकडं पाठवली. ज्याचं चित्र आवडेल त्याचं ते छापणार. कथा अशी, की एक कुटुंब गाव कायमचं सोडून होडीनं पलीकडच्या तीराला निघतं, बरोबर सगळा संसार घेऊन.

होडी म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. वर्गात माझ्याइतकी होडी कुणाला माहीत होती? आणि तिथंच फसलो. मी होडी काढली ती अख्खी, तळाच्या लांब लाकडापर्यंत, पोटाची फळी न् फळी मोजून. दोन्ही बाजूंना पाण्याच्या चार लाटा, आणि त्यांतून आरपार दिसणारी होडी. यात काही चुकलं आहे हे मला कळेचना. आमच्या अंगणात होडी कोरड्यावर उभी असायची, महिनोन् महिने. ती पाण्यात गेली की आमचं काम संपलं, मग तिच्याकडं कोण बघतो?

वर्गात खसखस पिकली. होडी समुद्रात आहे की काचेच्या पेटीत, असं एकानं विचारलं. आमचे चित्रकलेचे मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तुला माहीत आहे ते नको काढू. दिसतं तेवढंच काढ." मी पाण्याखालचं सगळं खोडलं. आता होडी परातीत ठेवलेल्या करवंटीसारखी दिसायला लागली. मास्तर म्हणाले, ही आता बुडायची नाही, पण पोचायचीही नाही.

गणपतीला घरी गेलो तो कागदाची गुंडाळी घेऊनच. परतल्यावर चार दिवसांत चित्र द्यायचं होतं. विसर्जन झाल्यावर वडिलांनी स्वतःच कागद मागितला. एक डोळा मिटून त्यांनी तो फळीसारखा लांब धरला. मग होडी जिथं पाण्याला टेकते तिथं अंगठा ठेवला.

"हिच्यात माल काय हाय?"

मी सांगितलं, सहा माणसं, भांडीकुंडी, जातं, पाटा-वरवंटा, धान्याच्या कणगीतलं सगळं भात.

"मग ही रिकामी का चालली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला धक्क्यावर घेऊन गेले. एका मचव्यातून कौलं उतरत होती, दुसऱ्यात भाताच्या गोणी चढत होत्या. एक बोटाबोटानं वर येत होता, दुसरा बोटाबोटानं खाली जात होता. कडेला मारलेला रंगाचा पट्टा गोणीगणिक पाण्यात बुडत होता. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि पाहिलं मात्र त्या दिवशी. उन्हं चढली तरी आम्ही हललो नाही. वडील त्या एका सकाळी जेवढं बोलले तेवढं एरवी वर्षात बोलत नसत.

"खालचं दिसत न्हाय म्हणून खाली काय न्हाय असं न्हाय," ते म्हणाले. "वरच्या चार बोटांत खालचं समदं कळाया पायजे."

मास्तरांचं खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं इथं धक्क्यावर पडून होतं.

अंगणातच बसून चित्र पुन्हा काढलं. होडीची कड पाण्यावर जेमतेम चार बोटं. कडेला बसलेल्या बाईनं फळी घट्ट धरलेली, तिच्या बोटांची टोकं पाण्याला लागू की नको अशी. पाण्याखालचं काहीही काढलं नाही. संपादकांनी तेच चित्र घेतलं. मी त्याच दिवशी घरी कार्ड टाकलं.

दिवाळीला अंक घेऊन गेलो. वडिलांनी हात धुतले, पान उघडलं, पुन्हा अंगठा ठेवला. "आता बरोबर भरली हाय," एवढं म्हणाले आणि जाऊन आडवे झाले. मला राग आला. दोन वर्षं जीव काढला, त्याची पावती ही एवढीच?

पुढं उभा जन्म पुस्तकांची चित्रं काढण्यात गेला. राजवाडे काढले, लढाया काढल्या, आगबोटी काढल्या, आणि दर वेळी कागदावर आधी तो अंगठा दिसला. त्या अंगठ्याचं ऋण मोठं आहे, हे मी आता मोकळेपणानं सांगतो. त्या दुपारी मात्र मी फुरंगटून पडवीत आलो. खुंटीला वाकसाचं नुसतं पातं लटकत होतं.

आई न्हाणीच्या चुलीपाशी होती. तिला विचारलं, दांडा कुठं गेला?

"तुजा कारड गावच्या मास्तरांनी वाचून दाखवला ना, तवाच तुज्या बापानं काढून ह्याच चुलीत घातला," ती म्हणाली. "म्हनाले, ठेवला तर पोराला वाटंल का परत याचा हाय."

ढलपीचीसुद्धा पाचर करणारा माणूस. बाभळीचा, दोन वर्षं वाळलेला, माझ्या मुठीच्या मापाचा दांडा. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

पाणी त्या दिवशी लवकर तापलं, आई म्हणाली.