कुकरमध्ये शिजवलेली माती

प्रिय सई आणि अर्जुन,

"हृदय ठणठणीत आहे, बा. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात," डॉक्टरबेन म्हणाल्या. इथे सगळ्या आज्यांना 'बा' म्हणतात. म्हणजे संकट नसतानाही शरीर धोक्याची घंटा वाजवत राहतं. ईसीजीचा कागद घेऊन मी बाहेर बाकावर बसून राहिले. वरचा पंखा पाण्याखाली फिरावा तसा फिरत होता.

माझी घंटा तुमच्या व्हिडिओ कॉलने वाजायची. एवढ्या लांब तुम्हाला काही झालं तर? छाती धडधडायची, श्वास अडायचा. म्हणून मी फोन उचलेनाशी झाले. तुम्हाला वाटलं असेल, आजी रुसली.

गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरबेननी विचारलं, "दिवसभर काय करता?"

"घर पुसते."

"फरशी झिजली, बेन," तुमचे आजोबा म्हणाले.

त्या हसल्या. मग त्यांनी समजावलं, मातीत काही बॅक्टेरिया, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांच्या सहवासात ताण सोसायची ताकद वाढते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांबद्दल अजून खात्री नाही. "मातीत हात घालून बघा. पण गोळ्या सोडायच्या नाहीत."

कतारगामच्या बाजारातून कुंडी, माती आणि पापडीच्या शेंगांचं बी आणलं. माती डब्यात भरून कुकरला लावली. शिट्टी ऐकून आजोबा आले.

"वरण का?"

"माती. जंतू नकोत."

"मग फोडणी कशाची देऊ?"

दवाखान्यात हे सांगितलं, तर डॉक्टरबेननी कपाळाला हात लावला. "बा, ज्यांना भेटायला पाठवलं, त्यांनाच उकडलंत!"

कित्येक दिवसांनी मी पोट धरून हसले.

मग नवी माती आणून बी पेरलं. रोज सकाळी गॅलरीत बसून कुंडीच्या कडेने मनगटापर्यंत हात आत घालते. खाली गार, ओलसर, कुणी हळूच बोट धरल्यासारखं. तापीकडून वारा येतो. आपणही रुजतोय असं वाटतं.

गुण गोळ्यांचा, मातीचा, की त्या हसण्याचा, मला सांगता येणार नाही. तुमच्या छातीत कधी असं धडधडलं, तर आधी हृदय तपासून घ्या. मग मनाच्या डॉक्टरकडेही जा. लाजू नका.

काल तुमचा फोन वाजला तेव्हा हात मातीत होते. धडधडलं. तरी तसाच उचलला.

"आजी, तू धुक्यात बसलीयेस का?" अर्जुन, तू विचारलंस.

कॅमेऱ्यावर मातीचा अंगठा उमटला होता. फडकं शेजारीच होतं. मी उचललं नाही.