चिपाडाच्या ढिगातली बुरशी

ये गं पोरी, अशी जवळ बस. भाकरीला जराशी बुरशी दिसली की ‘ईऽ’ करून भिरकावायची व्हय? असं करू नये. असल्याच एका बुरशीपायी तुझा मामा हे घर सोडून गेला.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. गडमुडशिंगीला आमचं गुऱ्हाळ होतं. ऊस पिळून उरलेल्या चिपाडांचा ढीग मागं असायचा, तळातली कुजायची. मामा तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला. त्या कुजक्या चिपाडावर त्याला एक बुरशी घावली. मला म्हणाला, “आई, ही चिपाडाची साखर करती. साखर आंबवली की स्पिरिट. त्यावर मोटारसायकल पळंल बघ!”

मागच्या खोलीत बाटल्या मांडल्या, तोंडाला कापसाचे बोळे. माझा कुकर डाळीला कमी आणि त्याच्या बाटल्या उकळायलाच जास्त. गुऱ्हाळावर येणारे पावणे चिडवायचे, “गाडी बुरशीवर चालंल रं, पर वासानं मागं बसंल कोण?” तोही हसायचा. बाकीच्या बुरशा निवडून टाकत, ती एकटी वाढवायला त्याचं वर्ष गेलं. गणपतीची सुट्टी संपली की कॉलेजातले सर ती तपासणार होते.

मध्ये भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. आम्ही जैन. त्या दिवसांत मुंगी बघून पाऊल टाकायचं. सासूबाईंचे उपवास चालू. त्यांनी सहज विचारलं, “बाळा, ह्यात जीव हाय?”

“लई जीव हाईत, आज्जी,” त्यानं खुशीत सांगितलं.

“मग शेवटी काय करनार त्यांचं?”

“उकळायचं की.”

दुसऱ्या दिवशी तो मंदिरातून आला तर बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. “सोडलं बघ समद्यांना चिपाडात. तुझ्या माथी पाप नको,” सासूबाई म्हणाल्या. तोंडावर केवढा आनंद त्यांच्या!

ओरडला असता तर बरं झालं असतं गं. तो तसाच ढिगात उतरला. वरनं पाऊस. चिपाडं उपसून परत बाटल्या भरल्या. नाना बुरशा आल्या, ती काही आली नाही. पर्व सरल्यावर आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. सासूबाईंनी त्याचीही मागितली, दरवर्षीच्या रीतीनं. कशाची, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. तो वाकला, “क्षमा, आज्जी” म्हणाला, आणि मागच्या खोलीला कडी घातली.

पुढं गुजरातेत रंगाच्या कारखान्यात लागला. भिंतीला बुरशी धरू नये, असला रंग करतात म्हणे तिथं. सासूबाई गेल्या, गुऱ्हाळ बंद पडलं, पेट्रोल चढतच राहिलं. ढिगावर काही उगवलं की मी फोनवर सांगते. तो म्हणतो, “असू दे, आई.”

तो ढीग मी कुणाला हलवू दिला नाही. पावसाळ्यात रोज बघून येते. पांढरं येतं, हिरवं येतं. त्यातली त्याची कुठली, मला काय कळतंय? ओळखणारा एकच, तो येत नाही.

तू तरी परत लवकर ये गं. जमलं तर त्याला घेऊन ये. ढीगही आता गुडघ्याएवढाच उरलाय.