पदराखालची चिठ्ठी

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडून देणारी, मी ऑपरेटर होते. शेकडो नंबर मला तोंडपाठ असायचे. मग एक डोळा धूसर झाला, डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या आणि हळूहळू नंबरही निसटू लागले. फोनवरचा माणूस नंबर सांगायचा आणि जोडणीची दोरी खोचेपर्यंत तो डोक्यातून गेलेला असायचा. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणाले, मेंदू आणि नसांचा आजार; विसरणंही त्यातलंच. स्मरणशक्तीच्या सरावासाठी त्यांनी मला दर मंगळवारी इस्पितळातल्या मानसशास्त्राच्या बाईंकडे पाठवलं. त्याच आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं: मी कामाला योग्य आहे की नाही, ते मेडिकल बोर्ड ठरवेल.

बाई पंधरा शब्द वाचायच्या आणि मला परत म्हणायला लावायच्या. मी बोलत असताना कागदावर खुणा करायच्या, तोही हाताने झाकून.

"तो कागद ऑफिसात जाते," मी घरी नवऱ्याला म्हटलं.

"शिकवून राहिली ते तुले. उगाच काहून शंका घेऊन राहिली वं?"

"मग झाकते काहून?"



पुढच्या मंगळवारी मी पदराखाली कोरी चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा नेला. न बघता लिहायची सवय एक्स्चेंजमध्ये लागलेली होतीच; बाई वाचत असताना शब्द लिहिले आणि पदराआडून बघून म्हटले. पंधराच्या पंधरा शब्द बरोबर आले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"हात वर घ्या."

नोकरी गेली, असंच वाटलं. चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाई रागावल्या नाहीत.

"ऐकलं की लगेच लिहायचं, हेच तुम्हाला पुढे शिकवणार होते," त्या म्हणाल्या. "आता उघड लिहा."

"आधी तुमचा कागद दाखवा."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर तेच शब्द होते आणि बरोबर-चूकच्या खुणा. मी उलटून पाहिला, मागे कोरा.

"बोर्डाने मागितलं तर?"

"तर अहवाल द्यावा लागेल. त्यात खोटं लिहिणार नाही मी."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर थोडा विश्वास बसला. सहा महिने वहीत लिहून काम करायचा सराव केला. बोर्डाने अहवाल मागितला, तो गेला. मला ट्रंकवरून काढून तक्रारी नोंदवायच्या टेबलावर बसवलं. तिथे मी आणखी चार वर्षं काम केलं.

अहवाल चांगला दिला होता, असं बाई म्हणायच्या. मला मात्र तो कोणीच वाचायला दिला नाही.