जिवंत माणसाचं मयत

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आखातात, दुखानला, तेलकंपनीच्या वसाहतीत आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहायची. नवरा आमच्या ह्यांच्यासारखाच तेलविहिरींवर. तिचे पणजोबा तरुणपणी आयर्लंडहून अमेरिकेला गेलेले. घरात एवढंच बोललं जायचं, की बापानं त्यांना हाकलून दिलं. आता तिकडे अमेरिकेत बाईचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि त्यांनी एकच धोसरा धरला होता, माझ्या आजोबांना खरंच घराबाहेर काढलं होतं का, तेवढं शोधून दे.

रजा मिळाल्याबरोबर बाई आयर्लंडला गेली. चर्चमागून चर्च पालथं घालून तिनं गाव शोधलं. आठवड्यानं परतली ती तोंड पाडून. तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, निघायच्या आदल्या रात्री घरच्यांनी, मयतापाशी जागतात तशी, पोरासाठी रात्र जागवली. सगळं गाव जमलं होतं म्हणे. पुढे काही विचारायच्या आत तिची बस आली.

"याचा अर्थ काय असेल गं?" तिनं मला विचारलं.

सासूबाई तेव्हा नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना मराठीत सांगितलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! घटश्राद्ध घातलं की पोराचं! बापानं घागर फोडली, म्हणजे जिवंतपणीच तो घराला मेला. काढलाच की त्याला!"

मी हे इंग्रजीत सांगितलं. बाईचा चेहरा उतरला. चहा तसाच ठेवून ती उठली. "वडिलांना काही सापडलं नाही असंच सांगते," म्हणाली. शुक्रवारचा अमेरिकेचा कॉल तिनं बुक करून ठेवला होता.

मला काही चैन पडेना. आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. पोटच्या पोराचं श्राद्ध घालतात मेले!

गुरुवारी सासूबाईंचं ब्लडप्रेशर तपासायला आम्ही कंपनीच्या दवाखान्यात गेलो. तिथली नर्स आयरिश. न राहवून मी तिला विचारलंच. ती पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबली.

"हाकललेल्यासाठी कोण रात्र जागवेल?" ती म्हणाली. "तेव्हा अमेरिकेला गेलेला सहसा परत यायचा नाही. आईबापांना ठाऊक असायचं, हे तोंड पुन्हा दिसायचं नाही. म्हणून आदल्या रात्री सगळे जमायचे. नाचायचे, गायचे, आणि आई मयताला रडतात तशी रडायची. पहाटे गाव त्याला वळणापर्यंत पोचवायला जायचं. लाडक्यासाठीच करायचे हो हे."

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चल, यल्ला. आधी तिच्या घरी जाऊ." यल्ला म्हणजे चला, एवढं अरबी त्या इथेच शिकल्या होत्या, ड्रायव्हरकडून. मला हसू आलं, पण त्यांचे डोळे भरले होते.

शुक्रवारी बाईनं आम्हाला फोनपाशी बसवून घेतलं. ती बराच वेळ बोलली, मग नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर सासूबाई मला ढोसायला लागल्या, "विचार ना, बाप काय म्हणाला?"

बाईनं नाक पुसलं. "तीनतीनदा तेच विचारत राहिले. त्याची आई रडली ना? नक्की रडली ना?"