बॉल नसलेला खेळाडू

उरलंसुरलं डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावं आणि चार दिवसांनी कुठल्या डब्यात काय ते आठवू नये, तसं माझं नातवाच्या खेळाचं झालंय. एक उघडायला जावं तर दुसरंच निघतं! आज हाताला येतील तसे उघडते.

माझी लेक वसुधा स्टुटगार्टला असते. वर्ल्डकपच्या वर्षी मी तिच्याकडे राहायला गेले. सगळी जर्मनी पायानं फुटबॉल खेळत होती, आणि आमचा नचू युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये तोच फुटबॉल हातानं खेळायचा! अमेरिकन म्हणे. बॉल सोललेल्या नारळासारखा, खांद्यांवर उशा, डोक्यावर हेल्मेट. मला वाटलं, मोटरसायकल बाहेर लावून आलाय.

वसुधानं त्याला बजावलेलं, "हाड मोडलं की खेळ बंद." मॅच बघायचा मात्र तिला धीर नव्हता. जावई, श्रीकांतराव, गाड्यांच्या टकरी करून बघायच्या कामावर. ते म्हणाले, "आई, आठवडाभर मी पुतळे आपटताना बघतो. रविवारी घरचा नको." मग रविवारची ड्युटी माझ्यावर आली. बघायचं आणि घरी येऊन सांगायचं.

*

पहिल्या रविवारी वसुधा दारातच उभी. मी जे दिसलं ते सांगितलं. सगळे एकमेकांवर पडत होते, आणि दर वेळी ढीग उपसला की सगळ्यांत खाली आपला नचू.

वसुधा जेवली नाही. तेवढ्यात नचू शीळ घालत आला. खाली सापडला म्हणजे चांगला खेळला, असं त्याचं म्हणणं. बॉलवाल्याला ज्यानं पाडलं, तोच खाली असणार ना!

हे आधी सांगायचं की नाही?

*

पण मला एक कोडं सुटेना. बॉल आपल्याकडे आला रे आला, की नचू बाहेर येऊन बाकावर बसायचा. काय गुन्हा केला पोरानं? तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी उठले आणि कोचसमोर जाऊन उभी राहिले. ऊवे त्याचं नाव, दारात मावणार नाही असा माणूस. आमच्या पोराला का बसवलं म्हणून मराठीतच विचारलं. नचू लाजून लाल, पण दुभाष्याचं काम त्यालाच करावं लागलं.

ऊवेचं उत्तर असं, की नचू डिफेन्सचा. बॉल दुसऱ्यांकडे असेल तेव्हा त्यांना अडवायचं. आपल्याकडे आला की खेळणारे वेगळे.

मी म्हटलं, "म्हणजे राखण करायची यानं, आणि पंगत बसली की यानंच उठायचं?"

नचूनं सांगितल्यावर ऊवे एवढंच म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. आता यात बरोबर काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही!

*

कराडहून नणंदेचा फोन आला. नातवानं गोल किती केले, विचारत होत्या. मी म्हटलं, "अहो वन्सं, तो करत नाही. दुसऱ्यांना करू देत नाही."

वन्सं म्हणाल्या, "आजोबांवर गेलाय."

*

एकदा डिंकाचे लाडू घेऊन गेले. मधल्या सुट्टीत आपल्या निळ्या शर्टवाल्यांना वाटले, पाठीवर हात फिरवला, गळा बसेपर्यंत ओरडले.

घरी येताना नचू म्हणाला, "आजी, परगावी आपण पांढरा घालतो."

"आणि निळे?"

"त्यांनी हरवलं आम्हाला. तुझे लाडू छान होते म्हणाले."

*

युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षी बोटाला पट्टी बांधलेला नचू बघून वसुधा म्हणाली, आज मीच येते. काही वेडंवाकडं दिसलं की त्याला घरी आणायचा, हे ठरवूनच आली होती.

बॉलवाला पळत होता. नचूनं त्याला आडवा केला. असा आवाज झाला की माझ्या हातातला चहा सांडला. नचू उठला. बॉलवाला उठला नाही. मैदानातली सगळी पोरं एका गुडघ्यावर बसली. मला वाटलं प्रार्थना चाललीय. कुणी पडून राहिला की तसं बसायची त्यांची रीत आहे म्हणे.

शेजारी बघते तर वसुधा नाही! ती मैदानाच्या मधोमध, त्या परक्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन. पोरगा आईला हाका मारत होता. ॲम्ब्युलन्सवाल्यानं वसुधाला विचारलं, तुम्ही आई का?

ती म्हणाली, "या."

असं त्यांच्या भाषेत हो म्हणून आमची लेक दुसऱ्याच मुलाबरोबर ॲम्ब्युलन्समधून निघून गेली. नचू हेल्मेट हातात धरून बघत राहिला.

वसुधा संध्याकाळी परत आली. पोराची आई हँबुर्गहून निघाली होती, त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. नचू ताटावर तसाच बसलेला. म्हणाला, "आई, मी खेळणं सोडू का?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार. उद्या दुपारी भेटायला सोडतात."

नचू गेला. दोघं काय बोलले, कोण जाणे.

पुढच्या रविवारी माझ्या एका बाजूला वसुधा, तिच्या पलीकडे प्लॅस्टरवाला तो पोरगा. सुरुवातीलाच नचूनं एकाला लोळवला. वसुधानं दोन्ही हातांनी डोळे झाकले. पोरानं कुबडी माझ्याकडे दिली, आणि तिच्या डोळ्यांवरची बोटं एकेक करून बाजूला करायला लागला.