फलटणच्या गाडीतला अभ्यास

त्रिशला मगदूम मूळच्या सांगलीकडच्या. साताऱ्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवायला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. दरवर्षी पहिल्या तासाला कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, तुमी मनातलं वळकता व्हय?"

"नवऱ्याच्या मनातलं अजून ओळखता येईना, तुझं कुठून ओळखू?" बाई म्हणायच्या. वर्ग हसायचा आणि धडा सुरू व्हायचा.

बाईंना एकच गोष्ट सलायची. मुलं पिवळ्या पेनानं पानंच्या पानं रंगवत, चारचारदा वाचत आणि परीक्षेत पेन चावत बसत. बाईंचं म्हणणं, एकदा वाचावं, पुस्तक मिटावं आणि आठवेल ते लिहावं. आठवताना जी ओढाताण होते, तिनंच डोक्यात पक्कं बसतं. यावरच त्यांनी पीएचडी धरली होती. सहा वर्षं झाली होती, मुदत दोनदा वाढवून घेतली होती. आता जूनअखेर प्रबंध द्यायचा, नाहीतर सगळं पाण्यात.

त्यांनी वर्गाचे दोन भाग केले. विषम हजेरी क्रमांकांनी धडा तीनदा वाचायचा. सम क्रमांकांनी एकदा वाचून, पुस्तक मिटून कागदावर उतरवायचा. चार आठवड्यांनी परीक्षा घेतली. दोन्हीकडची सरासरी वीसपैकी चौदा! बाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात फलटणला भाचीच्या मुलीचं बारसं होतं. एरवी स्कूटरवर फिरणाऱ्या बाई एसटीत बसल्या. मागच्या बाकावर त्यांचीच मुलं होती. बाईंकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"पुस्तक मीट!" सम क्रमांकातल्या अल्फियाचा आवाज आला.

"मी वाचणाऱ्यांतली हाय गं. मॅडमनी मला नुसतं वाचायला सांगितलंय," रेश्मा म्हणाली.

"ते घरी वाच. गाडीत माझं चालतं. सांग, कुत्र्याच्या तोंडाला पाणी का सुटलं?"

"भूक लागली आसंल."

"भूक तुला लागलीया! घंटा वाजली म्हणून."

कंडक्टर कोंडीबा दोरी ओढत म्हणाला, "घंटा मी रोज वाजवतोय पोरींनो, मला कवा कुणी खायला घातलं न्हाई."

गाडी हसली. बाई मात्र उठून मागे गेल्या. "हे कधीपासून चाललंय?"

अल्फिया दचकली. "पयल्यापासनं, मॅडम. बघून लिहू नका म्हणला होता तुमी. इचारू नका कुठं म्हणला होता?"

खरंच म्हणाल्या नव्हत्या. वर्गाचा विचार केला, घराचा केला. मधला दीड तासाचा रस्ता काही बाईंच्या ध्यानात आला नव्हता.

रात्री सांगलीहून मार्गदर्शक जिनेंद्र चौगुले सरांचा फोन आला. बाईंनी गाडीतला प्रकार सांगितल्यावर सर म्हणाले, "गाडीतली वाचणारी पोरं गुपचूप गाळा. कोण बघतंय?"

बाईंनी गाळून पाहिलं. चार गुणांचा फरक आला. सहा वर्षं वाट पाहिली होती तो हाच. त्या कागदाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, बघून लिहू नका असं मी पोरांना सांगते. आणि आता मीच उत्तर बघून आकडे लिहू?"

सर म्हणाले, "मुदतीचा अर्ज करा. नाही मिळाली तर मला बोल लावू नका."

घडलं ते सगळं बाईंनी अर्जात लिहिलं. महिन्याभरानं एक वर्ष मिळालं, 'अंतिम' असा शेरा मारून.

आता एका गाडीची सगळी मुलं एकाच गटात असतात आणि बाई आठवड्यातून दोनदा वही घेऊन फलटणच्या गाडीत असतात. दुसऱ्या वर्षाला गेलेल्या अल्फियानं परवा त्यांनाच धरलं.

"मॅडम, पुस्तक मिटा. माणूस इसरतो त्याची चार कारणं सांगा."

बाईंनी तीन सांगितली. चौथं काही केल्या आठवेना.

"मधीच दुसरं कायतर शिकल्यावर पयलं पुसतं," पुढून कोंडीबा तिकीट देता देता म्हणाला.

बाईंनी वही उघडली आणि लिहिलं: कंडक्टर, पुस्तक एकदाही न वाचता.