नदीपर्यंतची एक फेरी

बीबीसाहेबांनी दिलेला एक निरोप मी पोचवला नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

तेरला मी त्यांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. मोटार अमेरिकन, उघडणाऱ्या छताची. त्यांच्या मालकांनी, म्हणजे जहागीरदारांनी, निजामाच्या काळात हैदराबादेत हौसेनं घेतलेली. पण घर पडद्याचं. वारा खायला बनवलेल्या त्या मोटारीचं छत गावात कधी उघडलंच नाही, उलट काचांना हिरवे पडदे लागले. लोक तिला 'अमेरिकन मेणा' म्हणायचे. माझ्यापुढचा आरसासुद्धा वर छताकडं फिरवलेला, मागं बसलेल्या बाईमाणसाचं तोंड दिसू नये म्हणून. गाडी मागं घ्यायची तर मी दारातून मुंडकं बाहेर काढायचो. इतकी वर्षं बीबीसाहेबांना नेलं-आणलं, पण मला ठाऊक होता तो फक्त त्यांचा आवाज.

विलीनीकरणानंतर जहागीर गेली, मागोमाग मालकही गेले. महाराष्ट्र झाल्यावर एक-दोन वर्षांनी त्यांच्या भाच्यानं हैदराबादहून इंग्रजी पेपरात जाहिरात दिली : दुर्मीळ अमेरिकन मोटार, फक्त शौकिनांसाठी. मुंबईचे एक शेठ आले. जुन्या मोटारी जमवायचा त्यांना नाद होता. सकाळपासून त्यांनी मोटारीखाली झोपून, बॉनेट उघडून सगळं पाहिलं. छताला मात्र हात लावला नाही. पडदे बघून हात मागं घेतला.

परक्याच्या कानावर बाईचा आवाजही पडायचा नाही, अशी त्या घराची रीत. म्हणून शेठ अंगणात लिंबाखाली, बीबीसाहेब आत बांबूच्या चिकेच्या पडद्याआड, आणि मधी मी. यांचं तिकडं, त्यांचं इकडं. दुपारपर्यंत सौदा ठरत आला. शेठ घाईला आले होते, उजेडातच बार्शी गाठायची होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, आज गाडी हातात आली तर तूही मुंबईला चल, राहायला खोली देतो. नाही जमलं तर मला दुसरी एक मोटार बघायची आहे.

मी आत गेलो. पडद्याआडून आवाज आला.

"उनकू बोल बेटा, मोटर तुम्हारीच. पन ले जाने के पैले एक फेरी मेरेकू. छत खोलके. नदी तलक, बस."

कापड पंचवीस वर्षं ताणलेलं. दुमडलं की फाटणार, फाटलं की शेठ उठणार. शिवाय भर गावातून बीबीसाहेब उघड्या मोटारीत आणि स्टेअरिंगवर मी. लोक काय म्हणतील? ही कारणं मी स्वतःला फार वर्षं सांगितली. खरं कारण ती मुंबईची खोली.

अंगणात आलो. शेठ घड्याळ बघत होते. म्हणाले, "काय म्हणतात बाई?"

"विचार करायलेत," मी म्हणालो. रांजणातलं पाणी प्यालो. पाणी पिऊन होईस्तोवर खोटं तयार झालं. परत आत गेलो.

"शेठ न्हाय म्हणतात, बीबीसाहेब. कापड फाटंल म्हणतात. सौदा मोडंल."

आत बांगडी वाजली, तेवढंच. बराच वेळ मला वाटत राहिलं, आता त्या पुन्हा विचारायला धाडतील. मग आवाज आला, नेहमीसारखाच.

"अच्छा. तो फिर आईना सीधा कर ले, बेटा. अब पीछे कौन बैठनेवाला है."

आरशाला माझा हात लागला नाही. तसाच गाडी घेऊन निघालो. येडशीच्या घाटात शेठनी गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, छत उघड. फाटेल, मी म्हणालो. ते हसले. "फाटलं तर नवं शिवू. छत मिटून ठेवायला ही मोटार कोण घेतं रे?"

पुढच्या दोन कड्या सोडल्या. छत कुरकुरलं, धूळ उडाली आणि ते घडी होऊन मागं जाऊन बसलं. कुठं उसवलंसुद्धा नाही. शेठनी आरसा सरळ केला. त्यात रिकामी सीट दिसली.

"बाईंना एकदा अशी दाखवायला हवी होती," ते म्हणाले. "मनात आलं होतं. पण पडद्याचं घर, म्हटलं राग येईल."

मी गियर टाकला. पुढं बार्शीपर्यंत वारा तोंडावर येत होता आणि मी आरशात बघायचं टाळत होतो.

दिवाळीला गावी आलो तेव्हा बीबीसाहेबांनी बोलावून घेतलं. चिकेआडून मोटार बरी आहे का विचारलं, मग हळूच, छत कधी उघडलं का. मी न्हाय म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं केलं, फाटलं असतं.

तो हिवाळा त्यांनी काढला नाही.

बीबीसाहेबांची एक फेरी माझ्याकडं बाकी आहे. त्यांच्या दारापासून तेरणा नदीपर्यंत, छत उघडून, आणि परत.